कोरड्या गावांचा ताप

२००६ साली मालेगावात चिकुनगुनिया आला, तेव्हा पाऊस थांबून चार महिने उलटले होते. मोसम नदीच्या पात्रात पावसाचं पाणी नव्हतं, डबकी सुकली होती, आणि यंत्रमागावर उभ्यानं पाळी काढणारी माणसं सकाळी अंथरुणातून उठेनाशी झाली होती. ताप तीन-चार दिवसांत उतरे. मनगटं, घोटे, बोटांची पेरं मात्र धरलेलीच राहत. तुटलेला धागा जोडायला चिमूट लागते, ती चिमूटच जमेना. मार्चपर्यंत नोंदलेले रुग्ण दोन हजारांवर गेले. नोंदवहीत न आलेले किती, ते मालेगावच्या गल्ल्यांनाच ठाऊक.

मी तेव्हा मनमाडला शाळेत मराठी शिकवत होते. मालेगाव आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. स्टाफरूममध्ये जो तो एकच विचारी : पाऊस नाही, पाणी नाही, मग मार्चात डास आले कुठून? प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या जिल्ह्यातल्या तापाचं जे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं, त्यात मार्च बसतच नव्हता.

ते वेळापत्रक मला वडिलांकडून कळलेलं. ते हिवताप खात्यात होते. साठीच्या दशकात पेठ, सुरगाणा, हरसूल हा त्यांचा मुलूख. नाशिक जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण पावसाच्या हिशेबानं त्यात दोन-तीन देश आहेत. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला मालेगाव-येवल्याकडे जेमतेम पाचशे. ताप होता तो पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात, डांगात. देशावरचा माणूस डांगात बदली झाली की देवाला नारळ फोडून जायचा. पावसाळा संपला, नाले शांत झाले, काठच्या गवतात पाणी संथ वाहू लागलं की डोंगरझऱ्यांत वाढणारा ॲनॉफिलिस तिथे उठे, आणि भात कापायच्या वेळी अर्धं गाव थंडीनं कुडकुडत पडे. भाद्रपद-आश्विन हे तापाचे महिने. थंडी पडली की ताप ओसरे, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसा होई. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना वडील ‘आरामाचे तालुके’ म्हणत. आज ते हयात असते तर हा शब्द त्यांनी मागे घेतला असता असं मला वाटतं, पण त्या काळी तो खरा होता.

डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यानंतर सरकारचं लक्ष पाण्याकडे वळलं, पण सरकारचे हातही पाण्यातच होते. आपल्याच जिल्ह्यात पहा : चणकापूरचं धरण, नांदूर-मधमेश्वरचा बंधारा, दारणा धरण, गोदावरीचे उजवा-डावा कालवे, हे सगळं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतलं. दुष्काळ टाळायला आणलेलं हे पाणी. निफाड-कोपरगाव पट्ट्यात त्यानं ऊस आणला, समृद्धी आणली. पाझरलेल्या चाऱ्या आणि चिबड जमिनीही आणल्या. अशा संथ, स्वच्छ, उन्हातल्या पाण्यात हिवतापाचा ग्रामीण डास सुखानं अंडी घालतो. म्हणजे पाण्याच्या टंचाईवर केलेला उपाय डासाच्या पथ्यावर पडला. हे पुढेही होत राहिलं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

वडिलांच्या नोकरीचा काळ हा डीडीटीचा काळ. मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी १९४५-४६ च्या सुमारास कारवार-धारवाडकडे घरोघर डीडीटी मारून हिवताप खाली आणून दाखवला होता. त्याच पायावर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, आणि १९५८ मध्ये नियंत्रणाचं नाव ‘निर्मूलन’ झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं मरत, असा अंदाज होता. १९६५ साली नोंदलेले रुग्ण उरले एक लाख.

हे आकडे वडील आम्हाला पाढ्यांसारखे म्हणून दाखवत. मला मात्र त्यांच्या गोष्टींतले तपशील जास्त आवडत. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, ‘ताप आलाय का कुणाला?’ विचारायचं, असेल तर बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या, दारावर तारीख टाकायची. फवारणीची टोळी वेगळी. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरं, त्यांच्या आतल्या भिंतींवर औषधाचा पांढुरका थर बसवायचा. रक्त पिऊन जड झालेली डासीण भिंतीवर टेकते आणि मरते, एवढंच शास्त्र. पहिल्या वर्षी लोकांनी आनंदानं फवारून घेतलं, कारण डासांआधी ढेकूण मेले. पुढे ढेकूण औषधाला निर्ढावले तेव्हा लोक म्हणू लागले, ढेकूणसुद्धा मरत नाही त्या औषधाचा काय उपयोग? आणि दसरा-दिवाळी जवळ आली की बायका भिंती सारवायला घेत. ताज्या शेणमातीखाली ते औषध गाडलं जाई, ऐन तापाच्या हंगामात. वडील यावर चिडत. आई म्हणायची, सणाला घर सारवू नका हे तुम्ही तुमच्या आईला सांगून पहा एकदा.

१९७६ साली देशातले रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. डास डीडीटीला पुरून उरले होते, पैसा आटला होता, आणि जिंकलो असं समजून पाळतही ढिली पडली होती. ‘निर्मूलन’ हा शब्द कागदावर राहिला; घरात वडिलांनी तो वापरणं सोडून दिलं.

नाशिक शहर या सगळ्यापासून स्वतःला वेगळं समजे. आमचा वाडा पंचवटीत. नाशिकची हवा हा आम्हा नाशिककरांचा जुना अभिमान. देवळालीला लोक हवा खायला येत आणि आम्ही ती फुकट खात असू. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, कोरडी थंडी, ७ जानेवारी १९४५ ला तर पारा शून्याच्या आसपास उतरल्याची नोंद आहे. ही थंडी नुसती सुखाची नव्हती, तिला आरोग्याच्या हिशेबात एक काम होतं. डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी वाढायला ऊब लागते. सोळा अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. डेंग्यूच्या विषाणूचंही तसंच. थंडीत डास जगला तरी त्याच्या अंगातला रोग पिकत नाही.

वाड्यात पाणी साठवायची पद्धत वेगळी होती. आडाचं पाणी, पुढे नळाचं. माजघराच्या कोपऱ्यात तांब्याचे हंडे, न्हाणीत घंगाळ, अंगणात रांजण. सकाळी पहिलं काम म्हणजे शिळं पाणी ओतणं आणि हंडे चिंचेनं घासणं. शिळं पाणी पिऊ नये हा नियम शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतून आलेला, त्यात डासाचा विचार कुणी केला नव्हता. पण चिकुनगुनिया आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावंच लागतं. आमच्या आज्या नेमकं तेच करत होत्या. तरी म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणायला मी तयार नाही. घासायचे हात बायकांचेच होते. आणि आडाचं म्हणाल तर, डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईचा हिवताप शहरातल्या विहिरींतच वाढतो असं दाखवून दिलं होतं. विहिरी बंद करायची वेळ आली तेव्हा धर्माच्या कारणानं मुंबईत केवढा विरोध झाला! पाण्याची सवय सुटणं कधीच सोपं नव्हतं.

लग्न होऊन मनमाडला आले आणि पाण्याची सगळी गणितंच बदलली. मनमाड जंक्शनातून सगळा हिंदुस्थान जातो, पण नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी. वाघदर्डी धरण आटत आलं की त्याहूनही जास्त. हे एखाद्या दुष्काळी वर्षाचं सांगत नाही, माझ्या संसाराची सगळी वर्षं अशीच गेली. पाणी येणार त्या दिवशी गावात दुसरं काम होत नाही. रजा टाकतात, लग्नाची बोलणी पुढे ढकलतात. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, आणि शिवाय दोनशे लिटरचे निळे ड्रम, कारखान्यांतून रिकामे होऊन बाजारात आलेले. तांब्याचा हंडा तिरपा करून घासता येतो. भरलेला ड्रम हलवायला दोन गडी लागतात, आणि तो रिकामा केला तर पुढचे दहा दिवस काय?

आता डासाचा हिशेब लावा. एडिसच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबेत आठ-दहा दिवस पुरतात. नळाला पाणी येतं पंधरा-वीस दिवसांनी. म्हणजे दोन पाण्यांच्या मधल्या काळात प्रत्येक ड्रममधून डासांची एक पिढी सहज बाहेर पडते, कधी दोन. त्यासाठी पावसाचा एक थेंब लागत नाही. उलट पाऊस जितका कमी, तितके ड्रम जास्त. मालेगावला पाण्याची टंचाई मनमाडइतकी नसेल, पण नळाला रोज पाणी नाही आणि दाटीच्या वस्तीत जागा नाही, त्यामुळे घराच्या आतच, झोपायच्या जागेपासून चार पावलांवर पिंप. स्टाफरूममधल्या प्रश्नाचं उत्तर स्टाफरूमच्याच कोपऱ्यात झाकण नसलेल्या पिंपात होतं. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर पुष्कळ झाले. त्याला त्याहून लांब जायची गरजही नसते.

मालेगावच्या आजाराचा माग काढत गेलं तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २००६ च्या साथीतला विषाणू तपासला, तो आफ्रिकी वळणाचा निघाला. भारतात पूर्वी, १९६३ साली कोलकात्यात आणि नंतर चेन्नईत आढळलेला विषाणू आशियाई होता. नवा विषाणू आला कुठून? २००४ साली केनियाच्या लामू बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली. नंतरच्या तपासणीत बेटावरच्या दर चार माणसांतल्या तिघांना तो होऊन गेल्याचं दिसलं. आणि त्या वर्षी तिथे अतिवृष्टी नव्हती, अवर्षण होतं. उष्ण, कोरडे महिने. घरातले पाण्याचे साठे लोक पुरवून पुरवून वापरत होते, भांडी धुतली जात नव्हती, डास त्यांतच वाढत होते. तिथून साथ कोमोरोस बेटांवर गेली, मग रेयुनियन बेटावर, जिथे तिसरा हिस्सा लोकसंख्या आजारी पडली, आणि २००५ च्या अखेरीस आंध्रात. २००६ संपेपर्यंत भारतातले संशयित रुग्ण जवळजवळ चौदा लाख झाले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लामूच्या जागी मला मनमाडच दिसलं. लामूच्या कोरड्या हवेला एक गाव मिळालं, तशीच गावं आमच्याकडे तयारच होती.

आणखी एक जुळणी आहे. २००६ च्या आधी महाराष्ट्रात चिकुनगुनियाची शेवटची मोठी साथ आली ती सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, १९७३ साली. १९७३ म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचं पुढचं वर्ष, सुकडी आणि रोजगार हमीच्या खडीच्या ढिगांचं वर्ष. दुष्काळामुळेच बार्शीत साथ आली असं सिद्ध झालं आहे असा माझा दावा नाही. पण कोकणात, जिथे वर्षातले चार महिने सगळं भिजलेलं असतं, तिथे न येता हा आजार या दोन्ही वेळा पर्जन्यछायेतल्या, पाणी मोजून वापरणाऱ्या गावांत आधी का उतरला, हा प्रश्न विचारायला हवा. बार्शीनंतर बत्तीस वर्षं तो जवळजवळ गायब होता. पुस्तकांतूनही गेला. २००६ मध्ये आमच्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

हवामान बदलाविषयी बोलताना लोकांना एक सरळ वाक्य हवं असतं : ऊन वाढलं, डास वाढले. ते इतकं सरळ नाही. मालेगावात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. उघड्यावर तितक्या उन्हात एडिसही मरतो. तो जगतो पिंपामागच्या ओल्या सावलीत, म्हणजे आपण केलेल्या गारव्यात. खरा फरक पडतो तो मधल्या तापमानात. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला पंचवीस अंशांना सरासरी पंधरा दिवस लागतात, तीस अंशांना साडेसहा. डासीण जगते दोन-तीन आठवडे. पंधरा दिवस लागत असतील तर बहुतेक डासिणी रोग पसरवायच्या आधीच मरतात. साडेसहा दिवसांत काम होत असेल तर बहुतेकींना पुरेसा वेळ मिळतो. पाच अंशांचा हा फरक कुणाला फारसा जाणवतही नाही, पंखा एक आकडा वाढवला की झालं.

नाशिकची थंडी गेली असं मी म्हणणार नाही. निफाडला अजून पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात, आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात. पण १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढल्याचं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. त्याच अहवालानुसार पावसाळ्यातले कोरडे खंड १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ मध्ये सत्तावीस टक्क्यांनी वाढले. दुसरीकडे मध्य भारतात विस्तृत भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या. म्हणजे पाऊस येतो तो धो धो येतो, मग दडी मारतो.

या धो धो पावसाचं डासाशी नातं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलं. पुण्यातल्या डेंग्यूच्या मृत्यूंवरचा त्यांचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये आला. आठवड्याला दीडशे मिलिमीटरपर्यंतचा, विभागून पडणारा पाऊस डेंग्यू वाढवतो. त्याहून जास्त कोसळला तर अळ्या वाहून जातात. सत्तावीस ते पस्तीस अंश तापमान आणि साठ ते अठ्ठ्याहत्तर टक्के आर्द्रता हा धोक्याचा पट्टा. पुण्यात डेंग्यूनं होणारे मृत्यू २०३० पर्यंत तेरा टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा अंदाज आहे. नाशिक आणि पुणे हवेनं सख्खी भावंडं, म्हणून हा अभ्यास मी आपलाच धरते. असा अभ्यास नाशिक, मालेगाव, मनमाडच्या आकड्यांवर व्हायला हवा होता असं मात्र वाटत राहतं.

नाशिकला पूर मोजायची फूटपट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, असा पूर सांगतात. २००८, २०१६, २०१९ या पुरांत त्याची चर्चा गावभर झाली. पूर आला की गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सगळं वाहून जातं आणि डासही कमी होतात, हा वडिलांचा अनुभव पुण्याच्या अभ्यासाशी जुळतो. पण पूर ओसरल्यावर तळघरांत, बांधकामाच्या खड्ड्यांत, स्लॅबवर भरलेल्या पाण्यात, टायरांत जे पाणी उरतं, त्यातून दोन-तीन आठवड्यांनी डेंग्यू येतो. आता तर २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. शाही स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरातली, म्हणजे वडिलांच्या वेळापत्रकातला ताप जिथे सुरू होतो नेमकी ती वेळ. देशभरातून माणसं येणार, आपापल्या गावचा विषाणू घेऊन येणार, आणि नवी बांधकामं त्याआधी दोन वर्षं पाणी साठवून बसलेली असणार. साधूंच्या तंबूंचं नियोजन छापून येतं. त्या तंबूंजवळच्या टाक्यांना झाकण कोण बसवणार, हे मी अजून वाचलेलं नाही.

मनमाडसाठी करंजवण धरणातून पाणी आणण्याची योजना आहे. तिच्यामुळे रोज नाही तरी दिवसाआड पाणी मिळावं अशी आशा आहे. मला विचाराल तर या जिल्ह्यात डेंग्यूवरचं सगळ्यात मोठं औषध तेच आहे, धुरळणीची गाडी नव्हे. धुरळणीनं उडणारे डास दोन दिवस कमी दिसतात, ड्रममधल्या अळ्यांना तिचा पत्ताही नसतो. धूर दिसतो, म्हणून लोकांना काहीतरी केल्यासारखं वाटतं, नगरसेवकालाही. मात्र पाणी नियमित आलं म्हणून ड्रम लगेच जातील असं नाही. ज्या बाईनं तीस वर्षं पाणी भरून ठेवलं, ती पहिल्या महिन्यात नळावर विश्वास ठेवणार नाही, आणि तिनं का ठेवावा?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत आशाताई आली होती. हातात बॅटरी, एकेका ड्रममध्ये उजेड टाकून अळ्या शोधत होती. आमच्या जाऊबाईंच्या ड्रममध्ये सापडल्या. आशाताई म्हणाली, ‘‘मावशी, आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा. सगळं ओतून घासून ठेवा.’’

‘‘ओतते की,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘नळ अठरा दिवसांनी येतो. मधलं पाणी तू आणून देतेस का?’’

पोरगी हुशार होती, मनमाडचीच होती. तिनं कोरड्या दिवसाचं पत्रक पिशवीत टाकलं आणि घरात जुनं सुती धोतर आहे का विचारलं. सासऱ्यांचं होतं. त्याचे तिनं तीन तुकडे केले, दुहेरी करून ड्रमांच्या तोंडावर ताणून सुतळीनं करकचून बांधले. पाणी भरताना नळी फडक्यावरच ठेवायची, सोडायचं नाही. चौथा ड्रम वापरायच्या पाण्याचा, त्यात तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेले गप्पी मासे सोडले. आणि सगळे ड्रम एकदम नाही, पण ज्या दिवशी जो आपोआप रिकामा होईल त्या दिवशी तो आतून काथ्यानं घासायचा, पुन्हा भरायच्या आधी, असं ठरलं. जाऊबाईंनी माशांना खायला काय घालायचं ते विचारलं. ‘‘काही नाही, मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘ते त्यांचं बघतील,’’ आणि पुढच्या दारावर तारीख टाकायला निघून गेली.